खिडकीतली निळी नळी

डॉ. रेवतीबाई सांगवीकर यांची आणि माझी पहिली भेट भांडणातून झाली, हे या गौरवग्रंथात आरंभीच नोंदवून ठेवतो. हैदराबाद संस्थान विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झाले होते. कळंबच्या सरकारी दवाखान्यावर अजून उर्दू पाटी होती. मी नुकताच शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो, आणि मुक्तिलढ्यात तुरुंगात काढलेल्या चार महिन्यांनी आवाजाला आलेली धार बोथट होऊ द्यायची नाही असा माझा निश्चय होता. पंधरा-वीस माणसे घेऊन मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहिलो आणि पाटी उतरवण्याची मागणी केली. आतून पांढऱ्या सुती लुगड्यातल्या बाई बाहेर आल्या. हातात काचेची नळी होती. त्यांनी माझे भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"पाटी उतरवा," त्या म्हणाल्या. "खिळे काढायला पक्कड देते. पण आतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांना हात लावू नका. वीस वर्षं त्या मी उर्दूतच वाचतेय. घाईत भलती बाटली हाताला लागली तर तुमच्यातलाच कुणीतरी जाईल."

माझ्याच माणसांना हसू फुटले. दुसऱ्या दिवशी मराठी पाटी मी स्वतः रंगवून नेली. बाईंनी ती दूर धरून पाहिली. "अक्षर चांगलं आहे, मास्तर. आता रांगेत कसं उभं राहायचं यावर एक भाषण करा. त्याची इथं जास्त गरज आहे."

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो असे म्हटले तर ते खोटे ठरेल. शिष्य व्हायला मला आणखी सहा-सात वर्षे लागली, आणि त्यासाठी माझ्या घरावर एक प्रसंग यावा लागला. तो प्रसंग सांगण्यासाठीच मी ही लेखणी उचलली आहे. बाईंच्या साठीनिमित्त इतर मंडळी त्यांच्या सेवेबद्दल लिहितीलच. मी माझ्या चुकीबद्दल लिहिणार आहे, कारण बाईंची थोरवी मला तिच्यातूनच दिसली.

बाई हैदराबादेत वैद्यकी शिकल्या, तीही उर्दूतून. वर्गात बोटांवर मोजण्याइतक्या मुली, त्यांत मराठी बोलणाऱ्या त्या एकट्या. शिक्षण संपल्यावर शहरात राहण्याची सोय असताना त्या आपल्या जिल्ह्यात परतल्या. कळंबच्या दवाखान्यात त्या आल्या तेव्हा तिथे एक खाट, एक कपाट आणि हुसेनबी नावाच्या दाई एवढाच सरंजाम होता. हुसेनबी गावातल्या निम्म्या लोकांच्या जन्माच्या साक्षीदार होत्या आणि तसे त्या ज्याला-त्याला ऐकवतही असत.

बाईंची एक रीत होती. गरोदर बाई दवाखान्यात कशासाठीही आली, काटा रुतला म्हणून आली तरी, तिची लघवी तपासल्याशिवाय तिला परत पाठवायचे नाही. स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या नळीत निळे औषध तापवायचे, त्यात थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, मग विटेसारखा लाल, तशी साखर वाढलेली. बायका लाजत, तोंडाला पदर लावत. बाई ती नळी त्यांच्याच हातात देत. "तुझं तूच बघ. निळी असली तर घरी जा. विटेचा रंग आला तर बस, आपल्याला बोलायचंय." अडाणी म्हणून जिला घरात कुणी विचारत नसे, तीदेखील महिनाभरात आपल्या नळीचा रंग स्वतः सांगू लागे. मी लोकशिक्षणावर पुष्कळ बोललो आहे. लोकशिक्षण होताना पाहिले ते त्या दिव्यापाशी.

ही रीत कुठून आली, असे मी एकदा विचारले. बाईंनी लपवले नाही. पूर्वी भूमच्या बाजूला मेंढरे घेऊन फिरणाऱ्या एका कुटुंबातली सून त्यांच्याकडे खोकला-ताप घेऊन आली होती. आठवा महिना होता. बाईंनी खोकल्याचे औषध दिले. तिसऱ्या दिवशी सासऱ्याने तिला पाठीवर घालून आणले ती शुद्ध हरपलेली. आई गेली आणि पोटातले मूलही गेले. "लघवीला मुंग्या लागतात का, एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं," बाई म्हणाल्या. "खोकला बघितला. साखर बघितली नाही. दोन्ही एकत्र आलेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही." तेव्हापासून त्यांच्या टेबलाच्या खणात एक वेगळी वही असे. गरोदरपणात जिला साखर लागली, तिचे नाव, गाव आणि महिना, सारे उर्दूत.

या वहीत माझ्या पत्नीचे, सुधाचे, नाव होते. आमचे पहिले मूल माहेरी जन्मले ते मृत. गुटगुटीत, दहा पौंडांचे मूल होते. लोकांनी दृष्ट लागली म्हटले, मी नशिबाला शिव्या घातल्या. दुसऱ्या खेपेला सुधाला दिवस गेले तेव्हा बाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, की ते मूल केवढे होते. उत्तर ऐकून त्यांनी दिवा पेटवला. नळी पिवळी झाली. रक्त तपासायला सोलापूरला पाठवले, तिथूनही तेच कळले. मग सुधाचा गूळ बंद, साखर बंद, दोन्ही वेळ मोजकी भाकरी, डाळ, पालेभाजी आणि आठवड्याला एक नळी. सातवा महिना लागला तेव्हा नळी निळी राहू लागली होती, आणि माझी आई डोहाळजेवणाची तयारी करू लागली होती.

सत्तावन्न सालच्या त्या उन्हाळ्याच्या अखेरीस फ्लूची साथ आली. मद्रासकडे आहे म्हणेपर्यंत ती बार्शीच्या मोटारीतून कळंबला उतरलीसुद्धा. वर्ग ओस पडले, आडत बाजारातले हमाल पोत्यांवरच अंग टाकून पडले. बहुतेक लोक चार दिवस कण्हून उठत, त्यामुळे कुणी फारसे मनावर घेत नव्हते. बाईंनी मात्र खणातली वही काढली. त्यात त्या वेळी दिवस गेलेल्या अकरा जणींची नावे होती, सुधाही त्यांत. त्या अकराही घरी त्या स्वतः गेल्या, मोटारीने, बैलगाडीने, कुठे पायी. तेरखेड्याला शोभेची दारू करणाऱ्या एका घरात सासरा ऐकेना. त्याला त्या म्हणाल्या, "दारूच्या खोलीत तुम्ही पेटता दिवा नेता का?" तो म्हणाला, "न्हाय बा, समदं घर उडंल की." "मग खोकणारं माणूस हिच्या खोलीत नेऊ नका. तसंच आहे ते." त्या सासऱ्याने महिनाभर सुनेच्या दाराशी खाट टाकून पहारा केला, असे मागाहून कळले.

आमच्याकडे त्या आल्या ती वेळ मला अजून आठवते. सकाळ होती, आई डोहाळजेवणाच्या बायकांची नावे काढत बसली होती. बाईंनी सांगितले, कार्यक्रम करायचा नाही. सुधाने मागच्या खोलीत राहायचे. तिची भांडी वेगळी, कपडे उकळायचे, बाहेरून आलेल्याने आत जायचे नाही. आणि तिला शिंक जरी आली तरी त्याच घटकेला निरोप धाडायचा.

"ताप तर सगळ्यांनाच येतोय, बाई," मी म्हणालो.

"सगळ्यांच्या पोटात सात महिन्यांचं मूल नाही. गर्भाशय वर चढलं की छातीला जागा कमी पडते, श्वास आधीच तोकडा असतो. त्यात हिला साखर. साखर असली की शरीर नीट झुंजत नाही, आणि ताप आला की साखर आणखी चढते. मग छातीत न्युमोनिया धरतो. या तापावर माझ्याकडे औषध नाही, मास्तर. तो दारात थोपवणं एवढंच औषध आहे."

हे सगळे मला पटायला हवे होते. पण माझ्या डोक्यात दुसरेच पेटले. वेगळे बसवणे, वेगळी भांडी, शिवायचे नाही, हे शब्द ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो. हेच मोडण्यासाठी मी आईशी दहा वर्षे भांडलो होतो, माझ्या घरी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांच्या पंगती बसवल्या होत्या. मी बाईंना म्हणालो, "हे आम्ही मोडलं आहे. तुम्ही तेच काचेच्या नळीतून परत आणता आहात."

बाई रागावल्या नाहीत. "तुम्ही मोडलंत ते जन्मावरून होतं. हे दिवसांवरून आहे. साथीचे दिवस सरले की हेही सरेल."

मी ऐकले नाही. त्याच आठवड्यात भूमच्या बाजारच्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. गर्दी दाटली होती, निम्मे श्रोते खोकत होते. मी दीड तास बोललो, आणि बोलण्याच्या भरात नव्या सोवळ्यावर, माणसाला माणसापासून दूर बसवणाऱ्या डॉक्टरी शास्त्रावरही तोंडसुख घेतले. टाळ्या पडल्या. परतीच्या मोटारीत अंग मोडून आले होते, ते मी दीड तासाच्या शिणवट्यावर ढकलले.

घरी पोचलो तो दिवेलागणीला. आई देवापाशी होती. मी सरळ मागच्या खोलीत गेलो, सुधाच्या खाटेवर बसलो आणि सभेची हकिकत सांगू लागलो. मधून मधून खोकत होतो. सुधा म्हणाली, "तुमचा आवाज बसलाय. तुम्ही बाहेर बसा बघू." मी हसलो. इतक्यात आई दारात आली. तिने माझे डोळे पाहिले.

"ऊठ तिथनं," ती म्हणाली. "बाहेर हो. काही शिवू नकोस."

"आई, तुझं ते सोवळं पुन्हा..."

"माझं न्हाय ते. डॉक्टरीणबाईंचं आहे. दुपारी आल्या होत्या. म्हणाल्या, तुमचं सोवळं मला महिनाभर उसनं द्या. चाळीस वर्षं पाळलंय, आज कुणी मागायला आलं. तू ऊठ."

मी उठलो, पण माझे अर्धा तास बसणे होऊन गेले होते. मला दवाखान्याच्या ओसरीवर खाट मिळाली. तीन दिवस तापाने फणफणलो. चौथ्या दिवशी मी उठून बसलो, तेव्हा समोरून डोलीवजा खाटेवरून सुधाला आणत होते.

तिथून पुढच्या चार दिवसांबद्दल मी याआधी कुठेही बोललो नाही. व्यासपीठावर तर नाहीच.

बाईंनी दवाखान्यातली सामानाची खोली आधीच रिकामी करून, चुना देऊन ठेवली होती. सुधाला तिथे नेले. आई लुगडे बदलून, हात धुऊन आत जायला निघाली, तर बाईंनी दारात हात आडवा धरला.

"तुम्ही नाही. हुसेनबी जातील."

आई थांबली. हुसेनबी आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या. दुसऱ्यांचे बाळंतपण केले की आमच्या अंगणात उभ्या राहून बातमी देत आणि तिथूनच परत जात. "मी सोवळ्यात आहे," आई म्हणाली.

"माझ्या सोवळ्यात जात नसते, काकू. हुसेनबींना हा ताप येऊन गेलाय, त्यांना तो पुन्हा इतक्यात धरणार नाही. तुम्हाला अजून यायचाय. ज्याला येऊन गेला तो आत, ज्याला यायचाय तो बाहेर. मास्तरांचा अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून तेही बाहेर. एवढाच नियम."

आईने काही वेळ हुसेनबींकडे पाहिले. मग हातातले धुतलेले लुगडे त्यांच्या हातात दिले. "माझ्या सुनेला अंगाखाली मऊ लागतं," ती म्हणाली, आणि दवाखान्यासमोरच्या लिंबाच्या पारावर, जिथे मी ओसरीवरून येऊन बसलो होतो, तिथे माझ्यापासून चार हात सोडून बसली. दहा वर्षांच्या माझ्या भाषणांनी जे झाले नव्हते ते तिथे झाले, आणि मी त्या वेळी तोंड उघडायच्या लायकीचा नव्हतो.

त्या खोलीला पाराकडे उघडणारी एक लहान खिडकी होती, गजांची. पहिल्या दुपारी बाई त्या खिडकीशी आल्या. नळी वर उचलून धरली. विटेचा रंग होता. निळी नळी मी कितीदा पाहिली होती, असली गडद लाल कधी पाहिली नव्हती. सुधाच्या श्वासाचा आवाज बाहेर ऐकू येत होता, दगडावर कानस घासावी तसा.

इन्शुलिन बाईंनी साथ येताच सोलापूरहून मागवून ठेवले होते. बर्फ कुठला मिळणार? ओल्या वाळूत पुरलेल्या माठात त्या कुप्या असत, आणि त्या वाळूवर पाणी शिंपडण्याचे काम हुसेनबी नमाजाइतक्याच नेमाने करीत. सुई टोचायची, वेळ जाऊ द्यायची, पुन्हा दिवा पेटवायचा, पुन्हा नळी. छातीसाठी पेनिसिलिन. कपाळावर पट्ट्या. कुणीतरी प्रेमाने खडीसाखरेचे पाणी आणून दिले होते, ते बाईंनी दारातच ओतून टाकले. दर खेपेला त्या खिडकीशी येत आणि नळी दाखवत. दुसऱ्या दिवशीही लालच. हुसेनबी बाहेर आल्या तेव्हा मी पारावरून उठलो.

"मास्तरसाब, बसा तिथंच," त्या म्हणाल्या. "तुमी पुढं आले तर बाई माझ्यावर गरम होतीन."

"कशी आहे ती?"

"तुमच्यावर लई चिडलीय. चिडती म्हनजे जीव हाय."

तिसऱ्या दिवशी नळी पिवळी आली. आईने विचारले, "पिवळं म्हणजे काय रे?" मी सांगितले. ती म्हणाली, "हळदीचा रंग आहे, चांगलाच असणार," आणि पदराने डोळे पुसले. चौथ्या दिवशी सकाळी हिरवी, आणि दुपारी, शाळेची मधली सुट्टी होण्याच्या सुमारास, बाई खिडकीशी आल्या. नळी वर धरली. निळी होती. त्यांनी ती तशीच धरून ठेवली, मला नीट दिसावी म्हणून. मग म्हणाल्या, "मुलाचे ठोके चांगले आहेत. आता तुम्ही जेवून घ्या."

दोन महिन्यांनी आमची मुलगी जन्मली. बाईंनी मधाचे बोट लावू दिले नाही, तत्काळ अंगावर पाजायला लावले, कारण अशा मुलांची साखर जन्मल्यावर एकदम उतरते. बारशाला आईने पाहुण्यांच्या देखत हुसेनबींना बाळंतिणीच्या खोलीत सर्वांच्या आधी नेले. आमच्या नात्यातल्या एक वयस्कर बाई नाक मुरडून कुजबुजल्या. आई मोठ्याने म्हणाली, "तिला येऊन गेलंय. तुम्हाला अजून यायचंय." त्या बाईंना यातले काही कळले नाही.

मुलगी जन्मली त्याच महिन्यात मी भूमला पुन्हा गेलो. बाजारचाच दिवस निवडला. त्याच जागी उभे राहून सांगितले, की मागच्या खेपेला मी इथे चुकीचे बोललो, आणि त्याचा भोग माझ्या बायकोने भोगला. माणसाला जन्मभर दूर बसवणे हा अन्याय आहे, आणि जिच्या पोटात जीव आहे व अंगात साखर आहे तिला साथीचे चार आठवडे जपणे हे माणसाचे कर्तव्य आहे. या दोन गोष्टी एकच समजणारा माणूस कितीही वाचलेला असला तरी अडाणी आहे, आणि तो मी आहे. त्या दिवशी टाळ्या फारशा पडल्या नाहीत. बाईंच्या कानावर भाषण गेले. भेटल्यावर म्हणाल्या, "बरं बोललात म्हणतात. पण साथ पुरती गेलेली नाही आणि लोकांना इतकं दाटीवाटीनं का बसवलंत?"

त्या अकरा जणींबद्दल लोक बाईंची स्तुती करतात तेव्हा बाई मधेच थांबवतात. दहा घरी पाळणा हलला. अकरावीचे मूल गेले. तिला ताप आला तेव्हा निरोप दोन दिवस उशिरा पोचला होता. बाई तिचे नाव आधी घेतात, मग बाकीच्यांचे. निवृत्त होताना त्यांनी ती वही नव्या डॉक्टरांच्या हाती दिली. तरुण डॉक्टरांना उर्दू येत नाही, म्हणून बाईंनी आठ दिवस बसून ती सारी मराठीत उतरवून दिली. पाटीसाठी भांडायला आलेला मी त्या वेळी शेजारी बसून त्यांना दौतीत शाई भरून देत होतो.

गेल्या महिन्यात या गौरवग्रंथाचे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. दार बंद होते. बाई खिडकीशी आल्या. "मास्तर, आत येऊ नका. खोकला झालाय मला. तुमच्याकडे भाची बाळंतपणाला आलीय ना?" आम्ही गजांच्या आडूनच बोललो. अकरा वर्षांपूर्वी मी बाहेर होतो तसाच बाहेर, त्या आत होत्या तशाच आत. मला राहवेना. मी म्हणालो, "बाई, तुमची स्वतःची नळी कधी बघता की नाही?" त्या आत गेल्या. दिव्याचा वास आला. थोड्या वेळाने परत आल्या आणि नळी खिडकीत वर धरली. निळी होती. नीट दिसावी म्हणून त्यांनी ती धरून ठेवली.

बाई, या मुलखातल्या किती घरांतली लेकरे आज शाळेत जातात, ती तुमच्या त्या हातामुळे. त्यातली एक माझी आहे, यंदा पाचवीत आहे. तो हात स्थिर राहो, श्वास मोकळा राहो, पावले चालती राहोत, आणि पुढे कितीही वर्षांनी आम्ही खिडकीबाहेर येऊन उभे राहिलो तरी तुम्ही आतून नळी उचलून दाखवावी आणि ती निळीच असावी, एवढे आमचे मागणे आहे.